सुका जवळा आणि शून्य रेखांश

गद्रे सरांनी आयुष्यात सर्वांत जास्त वेळा जी गोष्ट काढली, ती म्हणजे एक उभी रेघ. आधी फळ्यावर वर्तुळ काढायचं, मग खडू आडवा धरून वरपासून खालपर्यंत रेघ ओढायची आणि म्हणायचं, "हे शून्य रेखांश. ग्रीनिच. जगातली सगळी घड्याळं इथून लागतात." या वाक्याला मागच्या बाकावरून हमखास एक जांभई यायची. डोंबिवलीत त्यांचा भूगोलाचा तास जेवणानंतरचा असे, त्यामुळे जांभईला ते बिचारे दोष देत नसत. दोष आपल्या शिकवण्यातच असणार, असं ते मनाशी धरून चालत. एकूणच, दोष कुठे असेल याचा शोध ते नेहमी स्वतःपासून सुरू करत, आणि बहुतेक वेळा तो तिथेच थांबत असे.

पण त्या रेघेवर त्यांचा जीव होता. ती जमिनीवर खरोखरच आखलेली आहे आणि तिच्यावर एक पाय पूर्व गोलार्धात नि एक पाय पश्चिम गोलार्धात टाकून माणसाला उभं राहता येतं, हे त्यांनी विद्यार्थिदशेत वाचलं तेव्हापासून त्यांना तिथे उभं राहायचं होतं. लग्नानंतर थोड्याच दिवसांनी त्यांनी ही इच्छा कलावतीबाईंना सांगितली. त्या मटार सोलत होत्या.

"उभं राहायचं. आणि मग?" त्यांनी विचारलं.

"मग काही नाही," सर म्हणाले.

यानंतर हा विषय त्या घरात कित्येक वर्षं निघाला नाही.

एकोणीसशे नव्वद साली इंग्लंडातल्या एका विद्यापीठाने सरांच्या कॉलेजातल्या भूगोलाच्या अकरा विद्यार्थ्यांना अभ्यासदौऱ्यासाठी बोलावलं. सोबत एक प्राध्यापक हवा होता. तो मान अर्थातच विभागप्रमुखांचा. पण विभागप्रमुखांना ऐन वेळी असं दुखणं उपटलं, ज्यात माणूस उभा राहू शकतो, आडवा होऊ शकतो, पण बसून विमानप्रवास मात्र करू शकत नाही. अशा रीतीने एका माणसाच्या न बसण्यामुळे दुसऱ्याच्या उभं राहण्याची सोय झाली.

सरांनी ही बातमी सोसायटीत कोणालाही सांगायची नाही असं ठरवलं होतं. पण पासपोर्टासाठी चौकशीला पोलीस आला आणि नेमका तळमजल्यावर मारुतीराव शेजवळांना भेटला. मारुतीराव सोसायटीचे सेक्रेटरी. जिन्यातला दिवा गेला तरी ते फलकावर सूचना लावत.

"गद्रे? वर्तन कसं आहे?" पोलिसाने विचारलं.

"अहो, त्यांचं कसलं वर्तन?" मारुतीराव म्हणाले. "दूध पातळ आहे हे दूधवाल्याला सांगायची त्या माणसाची छाती नाही. मी सांगतो त्यांच्या वतीने."

पोलीस समाधानाने गेला. मारुतीरावांनी मात्र संध्याकाळपर्यंत चारही मजले पिंजून काढले. दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. स्वतः मारुतीराव लोणावळ्याच्या पलीकडे फारसे गेलेले नव्हते, पण विलायतेची त्यांना खडान्‌खडा माहिती होती. "सर, तिकडे सगळा कागदाचा कारभार. तेव्हा एक प्लास्टिकचा मग न विसरता घ्या. आणि गोऱ्यांशी बोलताना नजर खाली नको, देश बदनाम होतो." रंगूबाई आजींनी तर जिन्यातच अडवलं. "रेघ बघायला जाताय म्हणे? बघा हो, पण ओलांडू नका. रेषा ओलांडून कोणाचं भलं झालंय?"

"आजी, ती ओलांडायचीच असते," सर हळूच म्हणाले.

"मग तुमची मर्जी," म्हणून आजींनी नातवाला जवळ ओढून घेतलं.

इथवर सगळं ठीक होतं. खरा घात केला तो मारुतीरावांच्या आपुलकीने. त्यांनी सरांना न विचारता कल्याणच्या एका साप्ताहिकात 'परदेशगमन' या मथळ्याखाली सरांचा फोटो छापून आणला. फोटो सोसायटीच्या ओळखपत्रावरचा होता; त्यात सर नुकतंच कोणीतरी गमावल्यासारखे दिसत. खाली प्रवासाची तारीख, घरचा पूर्ण पत्ता आणि एक ओळ, "हितचिंतकांना सायंकाळी घरी भेटून शुभेच्छा देता येतील."

हितचिंतक आले. ठाण्यापासून शहाडपर्यंतचे आले. सरांना आपल्याला इतके हितचिंतक आहेत हे माहीतच नव्हतं, आणि त्या हितचिंतकांनाही परवापर्यंत ते माहीत नव्हतं. प्रत्येकाच्या एका हातात फूल होतं आणि दुसऱ्या हातात पुडकं. कारण ज्याचं कोणी विलायतेत आहे, अशा माणसाला विलायतेत जाणारा माणूस दिसला की तो त्याला माणूस दिसतच नाही, रिकामी पिशवी दिसते. "फार काही नाही, एवढं मेतकूट." "थालीपिठाची भाजणी हो, वजनाला काहीच नाही." एकाने चष्मा दिला, एकाने बाळंतकाढा दिला आणि वर "मूल झालंय का ते आधी विचारा, नसेल तर उघड करू नका" अशी तंबी दिली. आंबिवलीचे एक गृहस्थ नुसता वरवंटा घेऊन आले.

"नुसता वरवंटा?" सरांनी धीर करून विचारलं.

"पाटा मागच्या वर्षी एकाबरोबर पाठवलाय," ते म्हणाले. "सून वर्षभर पाटा घेऊन बसलीय."

सरांनी तो घेतला.

"तुम्हाला नाही म्हणता येत नाही का हो?" रात्रीची भांडी लावताना कलावतीबाई म्हणाल्या. "तोंड उघडायचं आणि म्हणायचं, जागा नाही. त्यात काय भूगोल आहे?"

सरांना ते पटलं. रात्रभर त्यांनी मनातल्या मनात सराव केला, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पहिल्यांदा जो माणूस दारात आला त्याला नाही म्हणायचंच, असं ठरवून ते खुर्ची दाराकडे करून बसले.

दारात आली ती खाडीकाठच्या कोलशेतची कोळीण, म्हातारी चंद्रभागा. वाळलेली, काळी, पाठीचा कणा मात्र ताठ. डोक्यावरची टोपली तिने पायरीवरच उतरवली. पदराला बांधलेला वर्तमानपत्राचा तुकडा तिने सोडवला, फोटोकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं.

"तूच काय रं मास्तर? फोटूत जारा दिसतंस."

आपण फोटोत जाडे दिसतो हे ऐकून सर उठून उभे राहिले.

"माजी पोर हाय लंडनला. मंजुला. नर्स हाय. येवरा तिला दे." तिने टोपलीतून एक गाठोडं काढलं. ते प्लास्टिकात, मग कापडात, मग पुन्हा प्लास्टिकात बांधलेलं होतं, आणि तरी ते बाहेर येताच खोलीत जे काही आलं त्याने सरांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. सुका जवळा. सरांच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात बंद असे.

"बाई," सर म्हणाले. आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "जागा नाही. माफ करा. नाही जमणार."

आयुष्यातला पहिला नकार! त्यांना क्षणभर आपण उंच झाल्यासारखं वाटलं. चंद्रभागा भांडली असती तर बरं झालं असतं. तिने गाठोडं पुन्हा टोपलीत ठेवलं, त्याच्यावरून एकदा हात फिरवला आणि टोपली उचलायला वाकली.

"ठेवून जा हो बाई," आतून कलावतीबाईंचा आवाज आला. "नेतील ते."

ती गेल्यावर सरांनी दुखावल्या आवाजात विचारलं, "अगं, पण तूच काल म्हणालीस ना..."

"काल म्हणाले. काल मला तिचा हात दिसला नव्हता," कलावतीबाई म्हणाल्या, आणि गाठोडं कुठे ठेवायचं ते न सुचल्यामुळे त्यांनी ते सरांच्या स्वेटरांत गुंडाळलं. स्वेटरांच्या दृष्टीने तो शेवटच होता.

विलायतेला उतरल्यावर तपासणीच्या टेबलाशी एका उंच गोऱ्या अधिकाऱ्याने सरांची बॅग उघडायला लावली. प्रथम वरवंटा निघाला. त्याने तो उचलून पाहिला, तोलला आणि सरांच्या किरकोळ देहाकडे संशयाने पाहिलं. मग स्वेटर उलगडला. अधिकारी एक पाऊल मागे सरला. त्याने दुसऱ्याला बोलावलं. तोही मागे सरला. मारुतीरावांचा सल्ला आठवून सरांनी नजर वर ठेवली आणि ठाण्याच्या खाडीत हा जीव कसा मिळतो, कसा वाळवतात, याची माहिती द्यायला सुरुवात केली. भरती-ओहोटीपर्यंत ते आलेच होते, तेवढ्यात अधिकाऱ्याने नाकावर रुमाल धरून हाताने सगळ्यांना पुढे जायची खूण केली. विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या. "सर, एक नंबर!" त्यांच्यातला जगन ओरडला. "अकरा जणांची चेकिंग वाचवली तुम्ही!" सरांच्या व्याख्यानाला टाळ्या पडण्याची ही पहिलीच वेळ. ती अशी यावी याचं त्यांना वाईट वाटलं.

पुढचे दिवस कसे गेले हे सरांना विचारू नये. कार्यक्रम असा होता की सकाळी विद्यापीठात व्याख्यान आणि दुपारी मोकळीक. त्या मोकळ्या दुपारी विद्यार्थ्यांनी राजवाडे पाहिले, पूल पाहिले, नदीतून बोटीने फिरले. सरांनी स्वयंपाकघरं पाहिली. मेतकुटाच्या घरी त्यांना पोहे मिळाले. भाजणीच्या घरी त्याच भाजणीची थालीपिठं. बाळंतकाढ्याच्या घरी मूल झालेलं नव्हतं, तेव्हा ते पुडकं खिशात दाबून त्यांनी दोन तास हवामानावर काढले. वरवंट्याच्या सुनेने वरवंटा पाट्यावर ठेवून पाहिला आणि म्हणाली, "अय्या, लहान पडतो." प्रत्येक जण म्हणे, "लंडन काय, पळून जातंय का? बसा हो. डोंबिवलीत पाणी येतं का आता?" संध्याकाळी वसतिगृहावर विद्यार्थी दिवसभराचं सांगत आणि सर ऐकत. त्यांना राग येत नसे. फक्त झोपताना डोळे मिटले की ती रेघ दिसे. दगडी अंगणातली, कोणी पाय न ठेवलेली.

कारण रेघेचा दिवस शेवटचा होता. ग्रीनिच, अखेरच्या दिवशी. तोपर्यंत एकच पुडकं उरलं होतं. सरांनी नीट आखणी केली. विद्यार्थ्यांनी पुढे जावं. आपण सकाळीच ते गाठोडं देऊन दुपारी तिथे पोचावं. पाचला तिथलं फाटक बंद व्हायचं.

"सर, नक्की या हां," जगन म्हणाला. "तुमच्याशिवाय आम्ही त्या लाइनवर पाय नाय ठेवणार. आईशपथ."

मंजुळेचं घर शहराच्या पूर्वेला, एकसारख्या विटांच्या घरांच्या रांगेत होतं. सरांनी घंटा वाजवली. कोणी नाही. शेजारच्या दारातून एक म्हातारा डोकावला. ती कामावर गेली आहे, दुपारी येते, म्हणाला. हे गाठोडं ठेवाल का, असं सरांनी विनंतीपूर्वक विचारलं आणि ते पुढे केलं. म्हाताऱ्याने दार लावून घेतलं. त्याच्या जागी सर असते तर त्यांनीही तेच केलं असतं, म्हणून त्यांनी त्या दारालाच मान लववली.

ते पायरीवर बसले. ठेवून जावं? पण चंद्रभागेने गाठोड्यावरून फिरवलेला तो हात त्यांना आठवत राहिला. गोरे लोक फुटपाथ बदलून जाऊ लागले. एक मांजर मात्र शेजारी येऊन बसलं, मग दुसरं आलं. दुपारपर्यंत ठाण्याच्या खाडीचा मान राखणारी त्या गल्लीत चार मांजरं जमली होती.

मंजुळा आली तेव्हा दोन वाजून गेले होते. पन्नाशीला टेकलेली, भुरा कोट, हातात भाजीची पिशवी, चेहऱ्यावर दिवसभर उभं राहिल्याचा थकवा. सरांनी उठून नमस्कार केला आणि इंग्रजीतलं वाक्य जुळवायला घेतलं. पण ती त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती फाटकातच थबकली होती. तिने मान वर केली, श्वास आत घेतला.

"आये," ती म्हणाली. एवढंच.

मग तिने सरांना आत नेलं, कोट न काढताच भात टाकला, कांदा चिरला आणि गाठोड्याच्या गाठी दातांनी सोडवल्या. सर घड्याळाकडे पाहत दाराशीच उभे होते.

"मी निघतो. मला एके ठिकाणी पोचायचंय. फाटक बंद होतं," ते म्हणाले.

"कुठे?"

आपण डोंबिवलीत भूगोल शिकवतो, इथपासून सरांनी सांगितलं. रेघेबद्दल ते इतक्या थोडक्यात कधीच बोलले नव्हते.

"रेघ?" मंजुळा तव्यावर जवळा परतत होती. "आणि आमची खाडी कशी आहे आता? कोळीवाड्यापुढची? गाळ भरलाय म्हणतात, खरं का?"

खाडीची सरासरी खोली सरांना माहीत होती. क्षारता माहीत होती. कोळीवाड्यापुढचं पाणी मात्र त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांनी तसं कबूल केलं.

मंजुळा उलथणं हातात धरून वळली. "डोंबिवलीत राहता, भूगोल शिकवता, आणि कोलशेतची खाडी बघितली नाहीत? आणि रेघ बघायला लंडनला आलात?"

आयुष्यात सरांच्या परीक्षकांनी, प्राचार्यांनी, विभागप्रमुखांनी त्यांना बरंच काही सुनावलं होतं. पण एवढं बरोबर कोणी सुनावलं नव्हतं.

तिच्याही ते लक्षात आलं असावं. तिने ताट वाढलं, त्यांच्यासाठी चहा आणि जाम लावलेला पाव ठेवला, आणि जरा खालच्या आवाजात म्हणाली, "सर, जा तुम्ही. तुमचं राहील. फक्त... हे एकटीनं खायचं नसतं हो. आमच्याकडे जवळा केला की दारात ओरडून सांगतात. इथे कोणाला सांगू? खिडक्या बंद करून खाते मी."

भिंतीवरचं घड्याळ तीन दाखवत होतं. आता निघालं तर ग्रीनिच मिळण्यासारखं होतं. धावत गेलं तर नक्कीच. सरांनी छत्री उचलली. मग त्यांनी ती पुन्हा कोपऱ्यात टेकवली, खिडकीपाशी गेले, ती थोडी झटापट करून उघडली आणि येऊन खुर्चीवर बसले.

"जेवा," ते म्हणाले. "मी आहे."

ती जेवली. हाताने, खुर्चीवर मांडी घालून, घाम पुसत, मधेच हसत, मधेच नुसती घास हातात धरून बसत. आईने कोणत्या घमेल्यात वाळवलं असेल, त्यात वाळू लागते म्हणून बाप कसा ओरडायचा, शेजारचा नाथाभाऊ होडीवरून कसा पडला, सगळं सांगत. सर चहाचा कप नाकाशी धरून ऐकत राहिले. तिने भात दुसऱ्यांदा घेतला. तिसऱ्यांदाही घेतला. पाच कधी वाजले ते कळलं नाही. म्हणजे सरांना कळलं. पण त्यांनी मान वळवली नाही.

रात्री वसतिगृहात अकरा जण त्यांची वाट बघत बसले होते.

"पाय ठेवलात का?" सरांनी विचारलं.

"नाय सर," जगन म्हणाला. "फाटक बंद होईपर्यंत थांबलो. मग कसा ठेवणार? शपथ घेतलेली."

सरांना काय करावं कळेना. ते सगळ्यांवर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा, आणि खूप वेळ. मूर्ख आहात म्हणाले. इतकं लांब येऊन! मग खोलीत जाऊन दार लावून घेतलं आणि चष्मा पुसत बसले.

परत आल्यावर सोसायटीने सत्कार केला. शाल, श्रीफळ, मारुतीरावांचं भाषण. "आमच्या सरांचा एक पाय पूर्वेला आणि एक पाय पश्चिमेला!" टाळ्या पडल्या. सरांनी खुलासा करायला दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा कोणीतरी त्यात पेढा घातला.

पुढच्या रविवारी ते कलावतीबाईंना घेऊन कोलशेतला गेले. चंद्रभागा धक्क्याशी जाळं पसरून बसली होती. पाण्याला ओहोटी होती. गाळ खरोखरच भरला होता. त्याच्यावरून बगळे चालत होते आणि पलीकडे खारफुटीची हिरवी कड होती. सर बराच वेळ नुसते बघत राहिले. हे सगळं कायम इथेच होतं.

"दिलंस काय रं?" चंद्रभागेने विचारलं.

"दिलं. हातात दिलं."

"जेवली काय? तुज्यासमोर?"

"तीनदा भात घेतला."

चंद्रभागेने जाळं खाली ठेवलं. "परत सांग."

सरांनी परत सांगितलं. कांदा कसा चिरला, मांडी कशी घातली, काय बोलली. तिने पुन्हा सांगायला लावलं, त्यांनी पुन्हा सांगितलं. भूगोलाच्या तासाला त्यांच्याकडे कोणी असं बघितलं नव्हतं.

"आता काय करत असंल ती?"

इथे संध्याकाळ उतरत होती. सरांनी क्षणभर डोळे मिटून हिशोब केला. "तिथे आता दुपार आहे. कामावरून येत असेल. फाटकाशी पोचली असेल."

"म्हंजे मना रात होते तवा तिची दुपारच असते?"

"हो. दिवस आपल्याकडून तिकडे जातो."

"इकरून तिकरं." तिने ते स्वतःशी म्हणून पाहिलं. मग खाडीकडे तोंड करून विचारलं, "मास्तर, लंडन कनच्या अंगाला रं? मी आपली रोज समोर बघतंय. कोनी सांगतच नाय."

सर उठले. समोर भिवंडीचा काठ होता. ती इतकी वर्षं भिवंडीकडे बघत होती. त्यांनी सूर्य पाहिला, पाणी कुठे वाहतं ते पाहिलं, तिच्या खांद्याला अगदी संकोचाने हात लावून तिला थोडं डावीकडे वळवलं आणि घोडबंदरच्या बाजूला, खाडी जिथे डोंगराआड वळते तिथे बोट केलं.

"तिकडे. नेमकं तिकडे."

चंद्रभागेने डोळ्यांवर हात धरला आणि बघायला लागली. सरांनीही बोट खाली घेतलं नाही. त्या दिशेला, तिच्या पोरीच्या जवळच कुठेतरी, एका दगडी अंगणात ती रेघ होती. दोघंही तशीच उभी राहिली. मागे धक्क्यावर बसलेल्या कलावतीबाईंनी एकदा सरांकडे पाहिलं, एकदा त्या बोटाकडे पाहिलं, आणि मग पदर सावरून त्याही उठून शेजारी येऊन उभ्या राहिल्या.